तळहात सोडून

डॉक्टरांनी सांगितलेलं काम एवढंसं होतं. मुलीला कोमट पाण्यानं झटपट अंघोळ घालायची, टॉवेल घासायचा नाही, नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर आहे तोवर सगळीकडे साधं मलम चोपडायचं. जिथं लाल झालंय तिथं एक दुसरं, औषधी मलम. बस्स. बीडहून वडवणीला येताना एसटीत मी या कामाचा मनातल्या मनात आढावा घेतला आणि मला ते किरकोळ स्वरूपाचं वाटलं. मी बंधाऱ्यांच्या खात्यात कारकून आहे. किरकोळ स्वरूपाची कामंच आमच्याकडे सर्वांत जास्त वर्षं चालतात, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

मुलगी माझी. राजनंदिनी, वय सात, घरात नंदी. कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यामागे, मानेवर तिला लाल चट्टे उठायचे आणि ती खाजवून खाजवून रक्त काढायची. डॉक्टरबाईंनी रोगाचं नाव सांगितलं, ॲटोपिक एक्झिमा. मग मला समजेल अशा भाषेत म्हणाल्या, "हिची कातडी जन्मापासून जरा गळकी आहे. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचा साबण, धूळ आत शिरते. मलम म्हणजे त्या गळतीवर लिंपण." माझ्या खात्यातल्या माणसाला गळती समजावून सांगावी लागत नाही. मी फक्त तो एक प्रश्न विचारला, जो आपल्याकडे सर्दीपासून मूळव्याधीपर्यंत प्रत्येक रोगाला विचारतात. "मुळापासून जाईल ना?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हा प्रश्न त्यांना दिवसभरात बहुतेक प्रत्येक जण विचारत असणार. "बऱ्याच मुलांचं वयाबरोबर कमी होतं. पण जाण्याची वाट बघत बसू नका, सांभाळायला शिका. आणि हे कुणाला लागत नाही. हात लावल्यानं, एकत्र खेळल्यानं, कशानंच नाही."

हे शेवटचं वाक्य सगळ्यांत सोपं होतं. पुढची सगळी फरफट त्याच वाक्याची झाली.

आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं ते जावयासारखं, आठवड्यानं आणि रुसून. त्यामुळे मुलीला रोज अंघोळ, वर तिला मलम, ही गोष्ट गल्लीच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी अंगणात मी नंदीला टिपत होतो, तर भिंतीवरून विमलबाईंचं डोकं उगवलं. विमलबाई आमच्या शेजारीण. त्यांचा मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. एरवी नात मागे राहते, सत्यशीला, नंदीहून दोन वर्षांनी मोठी. यंदा मात्र सत्यालाही नेणार होते, कारण तिला धाकटा भाऊ झाला होता आणि फडावर त्याला कुणीतरी सांभाळायला हवं होतं.

"काय लावायलाव लेकराला, उत्तरेश्वरभाऊ?"

"मलम. डॉक्टरांनी दिलंय."

"बघू कोपर." त्यांनी मान लांब केली आणि लगेच मागे घेतली. "आगं बया. ही तर नागीण हाय."

मी म्हटलं नागीण नाही, एक्झिमा आहे. पण नागिणीपुढे एक्झिमा टिकतो का? विमलबाईंनी तिथंच निदान पूर्ण केलं. दोन्ही कोपरांत आहे म्हणजे नागिणी दोन. एक डाव्या हातानं चढणार, एक उजव्या हातानं, आणि मधे छातीवर त्यांची तोंडं भेटली की संपलं. "पंचमीच्या तोंडावर निघाल्यात. उगं न्हाई निघाल्या. कुणीतरी वारूळ मोडलं असंल तुमच्या खात्यानं." हा आरोप मला खोडता आला नाही, कारण बंधारा खणताना खात्यानं काय काय मोडलं असेल याची कुणालाच कल्पना नाही.

मग त्यांनी भिंतीपलीकडे वळून हाक मारली, "सत्ये, हिकडं ये. आजपासून तिकडं जायचं न्हाई. लागतं ते."

नंदीनं टॉवेलातून माझ्याकडं बघितलं. तिला नागिणीचं काही वाटलं नव्हतं. तिला सत्याचं वाटलं होतं. आखाड लागल्यापासून दोघी आमच्या अंगणात फुगडीचा सराव करत होत्या. पंचमीला शाळेमागच्या मैदानावर सगळ्या बायका-पोरी जमतात, तिथं मोठ्या पोरींच्या जोड्या हरवायच्या असा त्यांचा बेत होता. त्यानंतर दसरा, आणि दसऱ्यानंतर सत्या कोयत्यावर. पुढच्या पंचमीपर्यंत सत्या फुगडी खेळण्याच्या वयाची राहील की नाही, हे कारखान्यावर जाऊन आलेल्या पोरींकडं बघून कुणीही सांगावं.

"पप्पा, पंचमीपर्यंत बरं होईल ना?"

"होईल की," मी म्हणालो. आमच्या खात्यात आश्वासन तोंडीच देतात.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर नंदी ओसरीत दोन्ही हात समोर धरून बसली होती आणि ते खांद्यापर्यंत तांबडेलाल होते. जवळ जाऊन बघितलं तर ती काव होती, कुंभार वापरतो ती. विमलबाईंनी पोरीला हात न लावता, भिंतीवरून काठीला फडकं बांधून ती फासली होती.

"तू कुठं होतीस?" मी बायकोला विचारलं.

"पाण्याच्या रांगेत," सुरेखा म्हणाली. "आणि मी इथं असते तरी काय केलं असतं? त्या म्हणाल्या, नागिणीला कावेची रेघ ओलांडता येत न्हाई."

नागिणीचं माहीत नाही, काव मात्र वाळून तडकली आणि तिच्याबरोबर पोरीची कातडीही. ती धुऊन काढायला आठवड्याच्या वाट्यातलं बरंचसं पाणी गेलं. धुताना नंदी ओरडली नाही, नुसते दात दाबून बसली. मला ते ओरडण्याहून जास्त लागलं.

हे सगळं आमचे घरमालक सुंदरराव यांच्या कानावर गेलं. सुंदरराव एकेकाळी पंचायत समितीवर होते आणि अजूनही उतरलेले नाहीत. ते स्वतः बघायला आले, खुर्ची मागवून बसले आणि त्यांनी नंदीला लांबून निरखलं.

"आमच्या म्हशीला असंच झालतं," ते म्हणाले.

मी हसल्यासारखं केलं. माझ्या पगारात घरमालकासमोर यापेक्षा जास्त स्वाभिमान बसत नाही.

"कडुलिंबाच्या पाल्यानं धुतली, तेजाबासारखा काढा करून. आठ दिवसांत कातडी अशी चकाकली, बाजारात गिऱ्हाईक दुप्पट आलं."

"पण सुंदरराव, नंदीला बाजारात..."

"तसं न्हाई वो. उपाय म्हणायलोय मी."

सुंदररावांचा उपाय नाकारला तर भाडं वाढतं, हा अनुभव होता. काढा केला. तो इतका कडक झाला की पातेल्याची कल्हई उडाली. नंदीच्या अंगावर एक तांब्या पडला आणि ती जी पळाली ती थेट गच्चीवर. सुरेखानं उरलेला काढा आमच्या दारातल्या जास्वंदीला घातला. जास्वंद दुसऱ्या दिवशी गेली. सुंदरराव आले तेव्हा मी सांगितलं, फरक पडतोय. जास्वंदीत पडलाच होता.

एवढं होईपर्यंत तुम्ही विचाराल की डॉक्टरबाईंच्या मलमाचं काय झालं. साधं मलम चालू होतं. औषधी मलम मात्र मी बाटलीतल्या अत्तरासारखं वापरत होतो, कारण मला आमच्या ऑफिसातल्या अंगदनं घाबरवलं होतं. अंगद माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळतं, फक्त टेबलावरचं सोडून. त्यानं ट्यूब हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि ओरडला, "बे उत्तरेश्वर, हे स्टेरॉइड हाय! पैलवान घेत्यात हे. पोरीला काय मैदान मारायला लावतो का?"

मी दचकलो. घरी येऊन ट्यूबच्या डब्यातला कागद भिंगाखाली वाचला. त्यात लिहिलेले दुष्परिणाम वाचून मलाच खाज सुटली. मग मी काडेपेटीच्या काडीनं, टोकावर येईल तेवढं, मलम लावायला सुरुवात केली. डॉक्टरांनी पातळ थर सांगितला होता. मी इतका पातळ लावत होतो की तो थर आहे हे फक्त मला माहीत होतं. चट्टे होते तिथंच राहिले, किंबहुना त्यांनी बस्तान बसवलं.

"तुला मी एक देतो," अंगद म्हणाला. त्यानं पाकिटातून एक पिवळी ट्यूब काढली. नायटा, खरूज, गजकर्ण, डाग, सगळ्यांवर एकच. चिठ्ठी लागत नाही, मेडिकलवाला मागितली की देतो. "आमच्या साडूनं वापरली, मेव्हण्यानं वापरली. मुळापासून जातंय."

मुळापासून. हा शब्द ऐकला की शिकलेल्या माणसाचीही अक्कल गळते, आणि मी तर नुसताच पदवीधर आहे.

पिवळ्या ट्यूबनं जादू केली. दोन-तीन दिवसांत नंदीचे हात लोण्यासारखे झाले. मी तिला घेऊन गल्लीतून मुद्दाम दोनदा चक्कर मारली. सुंदररावांना दाखवलं, ते म्हणाले, "कडुलिंब." विमलबाईंनी भिंतीवरून बघितलं आणि म्हणाल्या, "काव." अंगदनं ऑफिसात सगळ्यांना चहा पाजायला लावला, माझ्याकडून. घरात सुरेखाला तेवढं पटत नव्हतं. ती म्हणाली, "मला हे लई लवकर झाल्यासारखं वाटतंय." तिच्या माहेरी, घाटनांदूरला, लवकर झालेल्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाहीत.

बरं झालं म्हणून ट्यूब बंद केली. आठवडाही गेला नाही आणि चट्टे परत आले, या वेळी गालांवरसुद्धा. नंदी झोपेतून उठली तीच खाजवत. तिनं आरशात तोंड बघितलं आणि शाळेला जायला नकार दिला. शाळेत कुणी काही बोललं होतं का विचारलं, तर म्हणाली, "कुणी न्हाई बोलत. बाकावर माझ्या बाजूला दप्तर ठेवत्यात फक्त."

मी रजा टाकली आणि परत बीड गाठलं.

डॉक्टरबाईंनी पिवळी ट्यूब टेबलावर उभी केली आणि माझ्याकडे बघितलं. शाळेत उलटं पुस्तक धरल्यावर गुरुजी बघायचे तसं. "माझं मलम का नाही लावलं?"

"त्यात स्टेरॉइड आहे म्हणून..."

"आणि यात काय आहे?"

मी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचू लागलो.

"यात त्याच्या कितीतरी पट कडक स्टेरॉइड आहे. वर बुरशीचं औषध, वर जंतूंचं, म्हणजे तिला नसलेल्या दोन रोगांवर सुद्धा." मग त्यांनी माझ्या बोटाच्या शेवटच्या पेरावर मलमाची रेघ काढून दाखवली. एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला. कमी नाही, जास्त नाही. लाली पूर्ण बसेपर्यंत लावायचं, मग मी सांगेन तसं हळूहळू कमी करायचं. साधं मलम मात्र कायम, बरं दिसलं तरीही. नखं कापलेली. कपडे सुती. घाम आला की धुवायचं. "तुम्ही घाबरून थोडं लावलंत म्हणून ते चाललं नाही, आणि ते चाललं नाही म्हणून तुम्ही हे लावलंत. कळतंय का?"

कळलं. एवढ्या स्पष्ट शब्दांत माझा पाणउतारा आजवर फक्त वरिष्ठांनी आणि सासऱ्यांनी केला होता, आणि त्या दोघांचंही चुकत असे. बाईंचं काहीच चुकत नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं.

त्यानंतर मात्र मी पेरानं मोजून लावत गेलो. चट्टे हळूहळू, खात्याच्या गतीनं, फिके झाले. श्रावण लागला तसे नंदीचे हात, माझ्या आयुष्यातलं एकमेव वेळेवर पूर्ण झालेलं काम म्हणून, बरेच बरे दिसू लागले. आता अडचण एकच उरली होती. विमलबाई.

मी भिंतीपाशी जाऊन त्यांना समजावलं. म्हटलं, डॉक्टर म्हणाल्या, लागत नाही. विमलबाई म्हणाल्या, "डॉक्टर तुमची. तुमच्या मनासारखंच बोलणार."

"मग कुणी सांगितलं तर पटेल?"

"सरकारचा शिक्का असंल तर बघू."

मी स्वतः सरकारचा माणूस, पण माझ्या शब्दावर शिक्का नव्हता. गेलो सरकारी दवाखान्यात. खिडकीवरच्या बाबूनं सगळं ऐकून घेतलं. तो माझ्याच जातकुळीचा, म्हणजे कारकून, म्हणून मला आशा होती.

"दाखला कशाचा पाहिजे म्हणालात?"

"मुलीला संसर्गजन्य रोग नाही याचा."

"रोग असल्याचा देतो आमी. नसल्याचा कसा देणार? नसलेले रोग किती असत्यात, एकेकाचा दाखला द्यायला बसलो तर..." त्याचं म्हणणं बिनतोड होतं. मी त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो, आणि कदाचित इतकं चांगलं नसतं बोललो. "बरं, कारण काय लिहू? नोकरी का शाळा?"

"फुगडी."

त्यानं पेन खाली ठेवलं. मागे रांगेत उभी असलेली एक बाई फिस्सकन हसली. "साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमी पण हाफिसातलेच दिसताव. उगं काहून इज्जत घालवायलाव?"

मी दाखल्याशिवाय परत आलो. सुरेखाला सांगितलं, जमलं नाही. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "शिक्का आणला असता तरी त्या म्हणाल्या असत्या, हा शिक्का जुना हाय." नंदी आत एकटीच, खांबाला दोन्ही हातांनी धरून फुगडी घालत होती. खांब फिरत नव्हता, तीच त्याच्याभोवती फिरत होती.

पंचमी उजाडली. आदल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या पोरींच्या हातावर मेंदी लागली, नंदीच्या नाही, कारण मेंदीतलं कोणतं रसायन तिला चालणार नाही हे सांगता येत नव्हतं. तिनं हट्ट केला नाही. या वयाच्या मुलीनं हट्ट केला नाही की घरातल्या मोठ्यांना बसवत नाही. सुरेखानं तिला साधा सुती परकर शिवला होता, तो घातला. आणि मग माझ्या लक्षात आलं की नखं कापायची राहिली.

मी नेलकटर घेऊन अंगणात बसलो. भिंतीवर डोकं हजर.

"उत्तरेश्वरभाऊ! आज कापायचं न्हाई काही! भाजी चिरायची न्हाई, तवा ठेवायचा न्हाई, आन् तुमी नखं कापायलाव? तिच्या अंगावर नागीण अन् तुमी पंचमीला लोखंड लावायलाव?"

मी सुरेखाकडं बघितलं. सुरेखा शिकलेली आहे, पण तिनंही सकाळपासून विळी उभी करून ठेवली होती आणि दिंडं उकडायला टाकली होती. "राहू द्या," ती म्हणाली. "आजच्या दिवस राहू द्या."

झालं. नखं तशीच राहिली. आता ही पोर मैदानावर घामेजणार, खाजवणार, रक्त काढणार, ते चारचौघींत दिसणार आणि नागीण पुन्हा जिवंत होणार. यावर मी माझ्या अकलेनं उपाय काढला. खाजच सुटू नये म्हणून साधं मलम नेहमीपेक्षा जास्त लावलं. मग आणखी थोडं. हात, कोपरं, बोटांच्या बेचक्या, तळहात, काही सोडलं नाही. उन्हात पोरगी समईसारखी चमकत होती. मला वाटलं, काय बिशाद खाज सुटण्याची.

मैदानावर बायका जमल्या होत्या. वारुळाला दूध-लाह्या वाहून झाल्या होत्या, गाणी सुरू होती. पुरुषांनी तिथं थांबायचं नसतं, त्यामुळे रस्त्यापलीकडे टपरीवर थांबायचं ठरलेलं असतं. तिथं सुंदरराव बाकावर आणि अंगद शेजारी. मी मलमाची पिशवी घेऊन त्यांच्यात उभा राहिलो.

फुगड्या लागल्या. मोठ्या पोरींची जोडी फिरली. मग सत्या उठली, धावत नंदीसमोर आली आणि दोन्ही हात पुढं केले. नंदीनंही केले.

"सत्ये!"

विमलबाई हापशाजवळच्या कट्ट्यावर लाह्यांची पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या एकदाच ओरडल्या. सत्यानं हात मागं घेतले आणि पाठीमागं बांधले. ती मान खाली घालून उभी राहिली. नंदीचे हात तसेच पुढं होते. ते खाली घ्यायचं तिला सुचलंच नाही. आजूबाजूच्या पोरी बघत राहिल्या. एकीनंही हात पुढं केला नाही.

एवढी मलमं, एवढ्या खेपा, पेरं मोजणं, आणि शेवटी पोरगी हात पसरून उभीच.

पुढं काय केलं ते मी विचार करून केलं असतं तर केलं नसतं. पिशवी अंगदच्या मांडीवर टाकली, रस्ता ओलांडला आणि इस्त्रीच्या पँटीत बायकांच्या मधे गेलो.

"अवो, हे बायकांचं हाय!" कुणीतरी ओरडलं.

"माहीत आहे," मी म्हणालो. "हिचा हात कुणी धरत नाही. मी धरतो."

नंदीचे हात धरले. पाय जुळवले. मागं झुकलो. मला फुगडी येत नाही हे मला पहिल्या फेऱ्यात कळलं आणि मलम किती लावलं होतं हे तिसऱ्यात. हात साबणाच्या वडीसारखे सुटले. मी एकीकडं गेलो आणि नंदी दुसरीकडं. माझ्या वाट्याला हापशाखालचा चिखल आला, संपूर्ण. लाह्यांची पाटी उडालेली मी वर बघितली, आणि मग विमलबाईंचा आवाज ऐकू आला.

"आगं माय, पोरगी!"

उठून बसलो तेव्हा नंदी विमलबाईंच्या मांडीत होती. त्यांनी तिला दोन्ही हातांनी कवळून धरलं होतं. बाजूला दगडी कट्ट्याची धार होती, तिथं तिचं डोकं आपटलं असतं. दोघींच्या केसांत लाह्या होत्या.

गाणी थांबली होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "विमलमावशी, तुमी धरलंय तिला."

विमलबाईंनी आपल्या हातांकडं बघितलं. वर्षानुवर्षं ऊस तोडून त्या हातांना भेगा पडलेल्या, आणि त्या भेगांत आता माझं मलम चकाकत होतं. सगळ्या बायका नागीण चढायची वाट बघत उभ्या होत्या.

"मग काय सोडून देऊ?" विमलबाई डाफरल्या. "पडू देऊ लेकराला?"

मग त्या माझ्याकडं वळल्या. "आन् तुमी वो, शिकलेले! तेल चोपडून कुणी फुगडी खेळतंय का?"

"तेल नाही, मलम..."

"गप बसा." त्यांनी पदराच्या टोकानं नंदीचे तळवे पुसले, एकेक बोट धरून, घासून नाही, टिपून. का कुणास ठाऊक. लहान लेकरांचं असंच करायची त्यांना सवय असेल. मग त्या ओरडल्या, "सत्ये, मर हिकडं. तळव्याला धरू नको, निसटंल. मनगटाला धर. आता लागायचं ते मला लागलंच हाय, तुला येगळं काय लागणार!"

सत्या जी आली ती वाऱ्यासारखी. दोघींनी मनगटं धरली, पाय जुळवले आणि फिरल्या. परकर फुलले, चेहरे दिसेनासे झाले. मोठ्या पोरींची जोडी केव्हाच थांबली आणि या दोघी फिरतच राहिल्या. मी चिखलात बसून बघत होतो आणि रडत होतो, पण चिखलामुळं ते कुणाला कळलं नाही. सुरेखानं हात देऊन मला उठवलं. टपरीवरून सुंदररावांचा आवाज आला, "उत्तरेश्वरराव, लागलं तर न्हाई ना?" अंगद माझी पिशवी सांभाळून उभा होता आणि दुसऱ्या हातानं मोबाईलवर चित्रीकरण करत होता. ते ऑफिसच्या ग्रुपवर मी घरी पोहोचायच्या आत पोहोचलं. आमच्या साहेबांनी त्यावर अंगठा दाखवला. माझ्या कामाबद्दल त्यांनी दिलेला हा पहिलाच अभिप्राय.

संध्याकाळी नंदीची कोपरं पुन्हा लाल झाली होती. घाम, धूळ, सुती परकरावर उडालेल्या लाह्या, सगळं नडलं. मानेवर तिच्या न कापलेल्या नखांचे ओरखडे होते. पाणी कोमट केलं, झटपट अंघोळ घातली, टिपलं, बोटाच्या पेरावर रेघ काढली. दमलो होतो. उद्याही हेच होतं आणि परवाही हेच, आणि हे मुळापासून वगैरे काही जाणार नव्हतं, हे मला पहिल्यांदाच, कुणी न सांगता, पटलं.

भिंतीवर डोकं आलं. विमलबाईंनी हात पुढं केला, तळवा वर. "ते मघाचं लावलं तर जरा बरं वाटलं हाताला. थोडं असंल तर द्या." वाटीभर काढून दिलं. त्यांनी वास घेतला आणि विचारलं, "भेगा मुळापासून जात्याल का वो, भाऊ?"

"नाही, मावशी. रोज लावायचं."

"रोज?" त्यांना ते पटलं नाही. पण वाटी त्यांनी परत केली नाही.

मी साधं मलम घेऊन नंदीकडं वळलो. खांदे झाले, दंड झाले, कोपरं झाली, मनगटापर्यंत आलो. तिनं दोन्ही मुठी घट्ट मिटून घेतल्या.

"पप्पा, तळहात सोडून लावा," ती म्हणाली. "उद्या सकाळी सत्या येणार हाय."